मोटारसायकल : सडकेची आणि रानाची

भीमेच्या खोऱ्यांतील तट्टें मराठ्यांच्या इतिहासांत प्रसिद्ध आहेत. अंगानें लहान, दिसण्यांत सामान्य, परंतु खडकाळ घाट आणि ओढेनाले तुडवीत दिवसभर चालणारीं अशी त्यांची ख्याति होती. मोकळ्या मैदानावर उमदा अरबी घोडा अशा तट्टास सहज मागें टाकील. पण पावसाळ्यांत घाटाची निसरडी पाऊलवाट चढावयाची असेल, तर शहाणा स्वार तट्टाचाच लगाम धरील. दोहोंत श्रेष्ठ कोण हा प्रश्न जनावराकडे पाहून सुटत नाहीं. त्याच्या पायांखालीं जमीन कोणती आहे, हें आधीं विचारावें लागतें.

हल्लीं विद्यार्थ्यांच्या वह्यांवर दोन प्रकारच्या मोटारसायकलींचीं चित्रें आढळतात. एक भारदस्त, रुंद टांकीची, चकचकीत सायलेन्सरची. दुसरी किडकिडीत व उंच, पक्ष्याच्या चोंचीप्रमाणें पुढचा मडगार्ड वर उचललेली, आणि बहुधा हवेंत उडी घेत असलेली. या दुसरीस ‘डर्ट बाइक’ म्हणतात. दोहोंमधील फरक केवळ रूपाचा आहे, असा पुष्कळांचा समज असतो. मुलगा हट्ट धरतो, वडील किंमत विचारतात, दुकानदार रंग दाखवितो. जमिनीची चौकशी मात्र कोणीच करीत नाहीं. ती चौकशी येथें करण्याचा विचार आहे. ती न केल्यास हातपाय मोडण्याची वेळ येते, म्हणून हा विषय वाटतो तितका पोरकट नाहीं.

बोलणें हवेंत राहूं नये म्हणून दोन गाड्या डोळ्यांपुढें ठेवूं. सडकेची म्हणून आपल्या सर्वांच्या परिचयाची रॉयल एन्फील्ड बुलेट ३५०, २०२३ सालीं नव्या एंजिनासह बाजारांत आलेली. आणि रानाची म्हणून यामाहा कंपनीची वायझेड २५० एफ, ही मोटोक्रॉस नांवाच्या शर्यतीसाठींच बनविलेली. बुलेटचें वजन १९५ किलोग्रॅम, यामाहाचें त्याच्या निम्म्याहून थोडें अधिक, म्हणजे सुमारें १०६ किलोग्रॅम. बुलेटच्या टांकींत १३ लिटर पेट्रोल मावतें, यामाहाच्या टांकींत सहा लिटरांहून किंचित् जास्त. बुलेटची बैठक जमिनीपासून ८०५ मिलिमीटर, यामाहाची सुमारें ९७०; मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय तिच्यावरून धड जमिनीस टेकत नाहींत. शिवाय या दुसऱ्या गाडीला दिवा नाहीं, भोंगा नाहीं, आरसा नाहीं, वेग दाखविणारा कांटा नाहीं, मागें कोणास बसविण्याची सोय नाहीं, आणि उभी करून ठेवण्यास स्टँडहि नाहीं. ज्याची रानांत गरज नाहीं, तें सर्व निर्दयपणें काढून टाकलेलें आहे.

आरंभीं या दोन जाति वेगळ्या नव्हत्या. १९२४ सालच्या २९ मार्च रोजीं इंग्लंडांत सरे परगण्यांतील केंबर्ली गांवाजवळ ओबडधोबड माळावर एक शर्यत झाली. तिला ‘स्क्रँबल’ म्हणजे धडपड असें नांव पडलें, आणि मोटोक्रॉसचा खेळ तिच्यापासून सुरू झाला असें मानतात. तेथें धांवलेल्या गाड्या मूळच्या सडकेच्याच होत्या. फार काय, खुद्द आपली बुलेट एके काळीं रानांत नांवाजलेली होती! १९४८ सालीं इटलींतील सान रेमो येथें झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय कसोटींत बुलेटवर बसलेल्या ब्रिटिश स्वारांनीं सुवर्णपदकें मिळविलीं, आणि १९५२ सालीं जॉनी ब्रिटन यानें स्कॉटलंडमधील सहा दिवसांची कसोटी बुलेटवरच जिंकली. आपल्या सैन्यानें सरहद्दीवरील गस्तीसाठीं हीच गाडी घेतली, त्यांत नवल तें काय!

पुढें मात्र वाटा फुटल्या. रानांतील शर्यतींत वजन हाच मोठा शत्रु आहे हें हळूहळू उमगलें. १९६६ सालीं पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रीडरिश्स यानें चेकोस्लोव्हाकियांत बनलेल्या सी. झेड. या हलक्या दोन-स्ट्रोक गाडीवर ५०० सी. सी. वर्गाचें जगज्जेतेपद पटकाविलें, आणि जड चार-स्ट्रोक गाड्यांचा त्या खेळांतील जमाना मावळला. त्यानंतर सडकेची गाडी आणि रानाची गाडी इतक्या दुरावल्या कीं, आज एकीचा टायर दुसरीस बसविणें म्हणजे कित्येकदां अपघातास निमंत्रण देणेंच ठरतें.

टायराचीच गोष्ट प्रथम घेऊं, कारण सर्व भेदाचें मूळ तेथें आहे. डांबरी सडक कठीण असते. ती टायराखालीं दबत नाहीं. तेथें पकड मिळते ती रबर आणि डांबरांतील खडीचे बारीक कण यांच्या घर्षणानें. चालत्या गाडीचें एक चाक सडकेस जेथें टेकतें, ती जागा मोठ्या माणसाच्या तळहाताएवढीच असते. एवढ्या जागेंत शक्य तितकें रबर सडकेस चिकटावें अशी बनविणाऱ्याची इच्छा असते. म्हणून सडकेचा टायर बहुतांशीं गुळगुळीत असतो. त्यावरील खांचा पकड देण्यासाठीं नसून पावसाचें पाणी बाजूस सारण्यासाठीं असतात, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

रानांत उलटा न्याय आहे. तेथें जमीनच सरकते. गुळगुळीत टायर मातीवर फिरूं लागला, तर मातीचा वरचा थर त्याच्याबरोबर घसरतो आणि चाक जागच्या जागीं गरगरत राहतें. म्हणून डर्ट बाइकच्या टायरावर रबराचे उंच, सुटे सुटे ठोकळे असतात. ते भुसभुशीत थर भेदून खालच्या घट्ट थरांत रुततात आणि पावड्याप्रमाणें माती मागें लोटून गाडी पुढें ढकलतात. दोन ठोकळ्यांमधील जागाहि हेतुपूर्वक रुंद ठेवलेली असते. चाक वेगानें फिरलें कीं तेथें अडकलेला चिखल फेंकला जावा.

आतां हाच टायर डांबरावर आणा. क्रिकेटचा गोलंदाज तळाला खिळे लावलेले बूट घालून मैदानावर निर्भयपणें धांवतो. त्याच बुटांनीं तो ओल्या शहाबादी फरशीवर धांवूं लागला तर काय होईल? डर्ट बाइकचें तसेंच होतें. ठोकळ्यांचे फक्त माथे सडकेस टेकतात, मधली जागा अधांतरीं राहते. वळणावर गाडी कलली कीं ठोकळे वाकतात आणि गाडी अंगाखालीं चळत आहे असें वाटतें. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यास थांबण्यास अधिक अंतर लागतें. दिसण्याच्या हौसेपायीं आपल्या रोजच्या गाडीस असे टायर चढविणारे तरुण शहरोशहरीं दिसतात. पहिल्या पावसांत उतारावर समोर बस आडवी येते, तेव्हां ही हौस महाग पडते.

हवेच्या दाबांतहि असाच भेद आहे. सडकेच्या गाडीच्या टायरांत दर चौरस इंचास साधारण २८ ते ३३ पौंड दाबाची हवा भरतात. मोटोक्रॉसच्या टायरांत १२ ते १५ पौंड पुरते. कमी हवेचा टायर दगडावर दबतो, पसरतो, आणि जमिनीचा आकार जणूं चांचपून पाहतो. तोच टायर सडकेवर वेगानें चालविला तर वारंवार दबून तापतो.

चाकांच्या आकाराविषयीं थोडेंसें. डर्ट बाइकचें पुढचें चाक २१ इंची असतें. आपल्या बैलगाडीचीं चाकें मोठीं कां, याचें जें कारण तेंच येथेंहि आहे: मोठें चाक दगडावर किंवा चाकोरीच्या काठावर अधिक सोप्या चढानें चढतें, लहान चाक त्यावर आदळतें. मागचें चाक मात्र लहान, १९ इंची, कारण तेथें जाड टायरास जागा हवी.

पुढचा मडगार्ड चाकापासून इतका वर कां, असा प्रश्न मुलें हटकून विचारतात. त्याचें उत्तर विदर्भ-मराठवाड्यांतील कोणताहि शेतकरी देऊं शकेल. पावसांत काळ्या रानांतून सायकल नेली म्हणजे दहा पावलांत चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्यें गच्च बसतो, चाक फिरेनासें होतें, आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. ती अडचण टाळण्यासाठीं ही उंच चोंच. डांबरी रस्त्यावर मात्र तिचा असा उपयोग कांहींच नाहीं. तेथें ती चाकानें उडविलेलें पाणी अडवीत नाहीं, आणि वेग वाढला कीं तिच्यांत वारा भरून हँडल डळमळतें.

आतां उडीकडे वळूं. २०२४ च्या जानेवारी महिन्यांत पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. अशा शर्यतींसाठीं माती आणून तिचे उंचवटे रचतात, आणि स्वार एका उंचवट्यावरून उडून दुसऱ्यावर उतरतात. हे गाडीला सोसतें तरी कसें? येथें शाळेंतील पदार्थविज्ञान उपयोगी पडतें. समजा, गाडी दीड मीटर उंचीवरून सरळ खालीं आली. जमिनीस टेकतांना तिचा खालच्या दिशेचा वेग सेकंदास सुमारें ५.४ मीटर होतो. हा वेग किती अंतरांत नाहींसा होतो, यावर सर्व कांहीं अवलंबून आहे. यामाहाचीं चाकें स्प्रिंगा दबून सुमारें ३० सेंटिमीटर वर सरकूं शकतात. १५० भागिले ३० म्हणजे पांच. वेग मारण्यास वजनाच्या पांचपट बल लागलें, त्यांत स्वतःचें वजन मिळविलें म्हणजे सहापट. बुलेटचें पुढचें चाक १३ सेंटिमीटरच सरकतें. तोच हिशेब केला तर बल वजनाच्या साडेबारापट होतें. हें सर्व बल फ्रेमवर, चाकाच्या तारांवर आणि स्वाराच्या कण्यावर येतें. प्रत्यक्षांत मोटोक्रॉसचे स्वार सपाटीवर न उतरतां उतरत्या बाजूवर उतरतात, म्हणून धक्का याहूनहि कमी बसतो. परंतु अंतर वाढलें कीं बल घटतें हें तत्त्व तेंच.

इतकें अंतर मिळविणें सोपें नव्हतें. पूर्वी मागच्या चाकास दोन बाजूंस दोन आंखूड शॉक अॅब्सॉर्बर असत. बेल्जियमचे अभियंते लुसियँ टिलकेन्स यांनीं मागचा सर्व भार मधोमध बसविलेल्या एकाच लांब शॉक अॅब्सॉर्बरवर घेण्याची युक्ति काढली. यामाहानें ती स्वीकारली, आणि १९७३ सालीं स्वीडनच्या हाकन अँडरसन यानें तिच्या जोरावर २५० सी. सी. वर्गाचें जगज्जेतेपद मिळविलें. रानांत जन्मलेली ही युक्ति पुढें सडकेवर आली. आज आपल्या रस्त्यांवर धांवणाऱ्या कित्येक गाड्यांत मागें एकच शॉक अॅब्सॉर्बर दिसतो, तो त्याच कुळांतील.

बसण्याच्या रीतींत तर मला सर्वांत मौज वाटते. सडकेवर स्वार बसतो. रानांत तो बहुतेक वेळ उभा असतो. पाय ठेवण्याच्या पट्ट्या सडकेच्या गाडीवर रबरानें मढविलेल्या असतात, रानाच्या गाडीवर त्या उघड्या लोखंडाच्या व करवतीसारख्या दांत्यांच्या असतात, कारण चिखलाच्या बुटानें त्यांवर उभें राहावयाचें असतें. उभ्या स्वाराचे गुडघे वाकतात आणि गाडी त्याच्याखालीं हवी तशी उसळूं शकते. पाय हेच त्याचे आणखी दोन शॉक अॅब्सॉर्बर. वळतांना सडकेवरील स्वार गाडीबरोबर आंतल्या बाजूस कलतो. रानांतील स्वार गाडी कलवितो, पण स्वतः ताठ राहून तिच्या बाहेरच्या बाजूवर भार देतो, आणि आंतला पाय पुढें काढून ठेवतो. सडकेवर असा पाय काढणारा तो पाय गमावूं शकतो.

ब्रेकचेंहि तसेंच आहे. कोरड्या डांबरावर थांबतांना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबविण्याचें बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. निसरड्या मातीवर पुढचें चाक अडखळलें कीं गाडी तत्काळ खालीं बसते. तेथें मागचा ब्रेक अधिक जपून व अधिक वेळां वापरतात, आणि मागचें चाक मुद्दाम घसरवून गाडी वळवितात. आतां सडकेच्या नव्या गाड्यांत चाक घसरूं न देणारी एबीएस ही योजना असते, १२५ सी. सी. वरील गाड्यांस ती आपल्या देशांत २०१९ च्या एप्रिलपासून सक्तीची आहे. डांबरावर ती अनेकांचा जीव वाचविते. मातीच्या तीव्र उतारावर मात्र चाक थोडें अडून पुढें मातीचा ढीग साचणें हेंच थांबण्यास उपयोगी पडतें, आणि ही योजना नेमकें तेंच होऊं देत नाहीं. म्हणून रानासाठीं बनविलेल्या कांहीं गाड्यांत ती बंद करण्याची कळ ठेवलेली असते.

एंजिनाविषयीं लांबण लावीत नाहीं. बुलेटचें एंजिन ३४९ सी. सी. चें असून मिनिटास सुमारें ६,१०० फेऱ्यांवर २० अश्वशक्ति देतें. यामाहाचें २४९ सी. सी. चें एंजिन याच्या जवळजवळ दुप्पट शक्ति देतें, पण त्यासाठीं त्यास दुपटीहून अधिक वेगानें फिरावें लागतें. त्याची किंमत आयुष्यानें मोजावी लागते. बुलेटच्या देखभालीचा हिशेब हजारों किलोमीटरांचा. मोटोक्रॉसच्या गाडीचा हिशेब तासांचा. पिस्टनसुद्धां ठराविक तास भरले कीं बदलतात. हवा गाळणारा स्पंज तेलांत भिजविलेला असतो, आणि धुळींत प्रत्येक फेरफटक्यानंतर तो धुवावा लागतो. गाडी घेण्याचा खर्च पेलणारे पालक पुष्कळदां या दुसऱ्या खर्चाने थक्क होतात.

आतां पालकांच्या खऱ्या काळजीचा प्रश्न: यांतील धोक्याची कोणती? उत्तर थोडें विचित्र वाटेल. परदेशांत सात-आठ वर्षांचीं मुलें ५० सी. सी. च्या चिमुकल्या डर्ट बाइकवर बंदिस्त मैदानांत शिकतात. तीं पडतात, वारंवार पडतात. गळपट्टीचें हाड आणि मनगट मोडणें या खेळांत नवें नाहीं. पण त्या मैदानांत समोरून ट्रक येत नाहीं, सर्वजण एकाच दिशेनें जातात, आणि प्रत्येकाच्या अंगावर हेल्मेट, छातीचें कवच, गुडघ्यापर्यंतचे ताठर बूट असतात. सडकेवर पडण्याचे प्रसंग कमी, पण एकच प्रसंग पुरतो. २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. त्यांतील शेंकडा सुमारें ४४ दुचाकीवर होतीं. तेव्हां पोराला माती लागेल म्हणून मैदानावर पाठवावयाचें नाहीं, आणि शिकवणीस उशीर होतो म्हणून सोळाव्या वर्षीं गिअरची गाडी हातीं द्यावयाची, हा व्यवहार मला उफराटा वाटतो.

कायदाहि येथें स्पष्ट आहे. गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना १८ वर्षें पुरीं झाल्याशिवाय मिळत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अज्ञान मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास अथवा गाडीच्या मालकास २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते, आणि त्या मुलास वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाहीं. मोटोक्रॉसच्या गाडीची तर सडकेसाठीं नोंदणीच होत नाहीं; ती टेंपोंत घालून मैदानापर्यंत न्यावी लागते. ‘मग गांवाबाहेरच्या टेकडीवर नेऊं’ असें कोणी म्हणेल. टेकडी बहुधा वनखात्याची किंवा कोणाच्या तरी मालकीची असते, आणि ठोकळ्यांच्या टायरानें पाडलेल्या चाकोरींतून पावसाचें पाणी वाहूं लागलें म्हणजे दोन-तीन पावसाळ्यांत तिचा ओघळ होतो.

या दोन टोंकांच्या मध्यें एक तिसरी जात आहे. दिवे, आरसे, नंबर सर्व कांहीं असलेली, पण उंच आणि लांब स्प्रिंगांची. आपल्याकडे २०१९ सालीं आलेली हीरो कंपनीची एक्सपल्स २०० ही तिचें चांगलें उदाहरण. तिचें पुढचें चाक २१ इंची, पोटाखालीं २२० मिलिमीटर मोकळी जागा, पुढचें चाक १९० मिलिमीटर वरखालीं सरकणारें; वजन मात्र दीडशें किलोग्रॅमांहून अधिक. खेड्यांतील कच्च्या वाटेस ती उत्तम आहे, पण मोटोक्रॉसच्या उड्या तिच्याकडून अपेक्षूं नयेत. याच जातीची राजेशाही आवृत्ति डाकार रॅलींत दिसते. १९७८ सालीं पॅरिसहून डाकारपर्यंत सुरू झालेली ही हजारों किलोमीटरांची शर्यत २०२० पासून सौदी अरेबियाच्या वाळवंटांत होत आहे. २०१५ सालीं बंगलोरचे सी. एस. संतोष हे ती पुरी करणारे पहिले भारतीय ठरले; २०२४ सालीं केरळचे हरिथ नोआ यांनीं एकंदरींत अकरावें स्थान आणि आपल्या वर्गांत पहिलें स्थान मिळविलें. त्यांच्या गाड्यांस दिवे व नंबर असतात, कारण एका वाळवंटी टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंत त्यांना सामान्य सडकेवरून, सामान्य वाहनांच्या रांगेंतून जावें लागतें.

तडजोडीच्या गाडीस तडजोडीची किंमत पडतेच. तिचे टायर अर्धे गुळगुळीत, अर्धे ठोकळ्यांचे. दोन्हीं ठिकाणीं चालणारे, दोन्हीं ठिकाणीं दुय्यम. कच्चा रस्ता लागला म्हणजे जाणता स्वार खालीं उतरतो, टायरांतील थोडी हवा सोडतो, आणि मग पुढें जातो. परतीच्या वाटेवर डांबर लागण्यापूर्वी तो पुन्हां थांबतो. त्याच्या पिशवींत पाण्याच्या बाटलीशेजारीं एक लहानसा पंप असतो, तो याच कामासाठीं.